संघाने सोडलेले फुटबॉलपटू पुढे कसे बहरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम संपला की दरवर्षी हेच प्रश्न येतात. कुणाच्या मुलाला अकादमीने, म्हणजे क्लबच्या युवा प्रशिक्षण केंद्राने, ‘पुढच्या वर्षी नको’ असं कळवलेलं असतं. कुणाच्या आवडत्या खेळाडूचा करार वाढलेला नसतो. कुणी आपल्याच क्लबने डच्चू दिलेला खेळाडू दुसऱ्या जर्सीत गोलांचा पाऊस पाडताना पाहून चक्रावलेलं असतं. मी बरीच वर्षं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवलं आहे, निवडीच्या बैठकांत बसलो आहे आणि ‘तू संघात नाहीस’ हे मुलाच्या तोंडावर सांगण्याची वेळही माझ्यावर आली आहे. तेव्हा या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

‘संघाने सोडलं’ म्हणजे नेमकं काय?

आपण चार वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतो. अकादमीतल्या मुलाला पुढच्या वयोगटात न घेणं ही पहिली. व्यावसायिक खेळाडूचा करार संपल्यावर तो न वाढवणं ही दुसरी. इंग्लंडमध्ये तर हंगामाअखेरीस कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याची यादीच क्लब जाहीर करतात. करार चालू असताना दोघांच्या संमतीने तो मोडणं ही तिसरी. चौथी म्हणजे विकणं. विकलेल्या खेळाडूसाठी कुणीतरी पैसे मोजलेले असतात, त्यामुळे त्याचं दुःख वेगळं. पण ‘आमच्या कामाचा नाहीस’ हा निरोप त्यालाही मिळालेला असतो, म्हणून खाली दोन्हींची उदाहरणं येतील. पॉल पोग्बा मात्र यात बसत नाही. २०१२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेड सोडून युव्हेंटसला गेला तेव्हा क्लबला तो हवा होता, त्यानेच नवा करार केला नाही.

करार संपला की मोकळं होता येतं, हे आज सगळे गृहीत धरतात. ते तसं नव्हतं. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बॉस्मनचा आरएफसी लीजशी असलेला करार १९९० मध्ये संपला, तरी बदलीच्या रकमेवरून क्लबने त्याला अडवून धरलं. त्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंना करार संपल्यावर विनामोबदला दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला. त्याआधी ‘आम्हाला नको आहेस, पण जाऊही देणार नाही’ असं क्लब बिनदिक्कत म्हणू शकत होते.

सोडल्यावर खेळाडू खरंच सुधारतो की तसं फक्त वाटतं?

दोन्ही घडतं. आधी वाटण्याचा भाग बघू.

क्लब खेळाडूला सोडतो तेव्हा तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट काळात असतो. दुखापतीतून नुकताच उठलेला, महिनोन् महिने बाकावर बसलेला किंवा गोलांचा दुष्काळ सोसणारा. वाईट काळ सहसा कायम टिकत नाही. असा खेळाडू नव्या क्लबात नुसता आपल्या नेहमीच्या पातळीवर परतला तरी बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. जुन्या क्लबात राहिला असता तरी त्यातली थोडी सुधारणा झालीच असती.

दुसरी फसगत आपल्या आठवणीची. इंग्लंडमधल्या शेफिल्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी सोडलेला जेमी वार्डी सगळ्यांना आठवतो. त्याच उन्हाळ्यात देशभरातल्या अकादम्यांनी सोडलेली बाकीची मुलं कुणाला आठवत नाहीत, कारण त्यांची नावं आपल्या कानावर आलीच नाहीत. सोडलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या पातळीवर पोहोचत नाहीत. पालकांना हे सांगताना मला अवघड जातं, तरी मी सांगतो, कारण चार-दोन नावांच्या भरवशावर शाळा सोडणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता खरी सुधारणा. ती ओळखायची कशी? एखादा हंगाम चांगला गेला म्हणजे सुधारणा नव्हे. खेळाडू एकेक पायरी चढत गेला, प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा कठीण प्रतिस्पर्ध्यांसमोर टिकला आणि हे वर्षानुवर्षं चाललं, तर ती खरी.

अशी सुधारणा झालेलं एक ठळक उदाहरण सांगाल?

रॉबर्ट लेवांडोव्स्की. २००६ मध्ये तो सतरा वर्षांचा होता आणि लेगिया वॉर्सा या पोलंडमधल्या बलाढ्य क्लबच्या दुसऱ्या संघात होता. दुखापत झाली आणि क्लबने त्याला सोडलं. तो गेला झ्निच प्रुश्कुफ या छोट्या क्लबात, तिसऱ्या श्रेणीत. तिथे तो श्रेणीतला सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि संघ वर चढला. पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतही सर्वाधिक गोल त्याचेच. २००८ मध्ये लेख पोझनान, म्हणजे पहिली श्रेणी. २००९-१० च्या हंगामात पुन्हा सर्वाधिक गोल आणि साखळीचं विजेतेपद. मग डॉर्टमुंड, मग बायर्न म्युनिक. २०२०-२१ च्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, त्याने ४१ गोल केले आणि गेर्ड म्युलरचा १९७१-७२ पासून अबाधित असलेला ४० गोलांचा विक्रम मोडला.

या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटतात ती प्रुश्कुफची दोन वर्षं. तिथे तो दर आठवड्याला खेळला, मोठ्या माणसांविरुद्ध खेळला, आणि गोल चुकला तरी पुढच्या सामन्यात त्याचं नाव संघात असायचं. मोठ्या क्लबच्या दुसऱ्या संघात अठराव्या वर्षी हे तिन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ.

मग सुधारण्यामागचं मुख्य कारण काय? मैदानावरची मिनिटं?

माझ्या मते हो. सराव कितीही चांगला असला तरी सामन्यातली घाई सरावात येत नाही. पाठीमागून बचावपटू अंगावर येतोय, पंच बघत नाहीये, ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झालेत आणि चेंडू उसळून आलाय. अशा वेळी काय करायचं हे सामन्यातच शिकता येतं. नावाजलेल्या क्लबच्या बाकावर काढलेल्या वर्षाहून दोन श्रेणी खालच्या संघातले चाळीस सामने खेळाडूला जास्त घडवतात.

वार्डीचंच बघा. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्समध्ये त्याला आठवड्याला ३० पौंड मिळायचे आणि दिवसा तो वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड. २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याला १० लाख पौंड देऊन घेतलं. व्यावसायिक साखळीच्या बाहेरच्या खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. पहिला हंगाम इतका वाईट गेला की त्याच्या मनात फुटबॉल सोडण्याचा विचार आला होता. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांनी त्याला थांबवलं. २०१५-१६ मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या, सलग ११ सामन्यांत गोल केले आणि लेस्टर विजेता ठरला. २०१९-२० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो साखळीत सर्वाधिक, म्हणजे २३ गोल करणारा खेळाडू होता. त्याच्या कथेतला तो पहिला वाईट हंगाम लोक वगळतात. मी वगळत नाही, कारण त्या वेळी त्याला पुन्हा डच्चू मिळाला असता तर आज आपण त्याच्याबद्दल बोलतच नसतो.

‘अंगाने लहान’ म्हणून सोडलेली मुलं पुढे एवढी मोठी कशी होतात?

कारण सोडणाऱ्याने मुलाचं वय पाहिलेलं असतं, वाढ पाहिलेली नसते. हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या. पण हे सरासरीचं वय झालं. एकाच वर्गातला एक मुलगा साडेबाराव्या वर्षी ताडमाड होतो आणि दुसरा सोळावं लागेपर्यंत मिसरूड फुटायची वाट बघतो. तेरा वर्षांखालच्या सामन्यात हे दोघं समोरासमोर येतात तेव्हा मैदानावर एक पुरुष आणि एक पोरगा असतो. पहिला धावत सुटतो आणि गोल करतो. निवड करणाऱ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे खूण होते. चार वर्षांनी दुसऱ्याची उंची भरून निघते आणि पहिल्याचा फायदा संपतो. दरम्यान दुसरा धक्काबुक्की टाळून जागा शोधायला, चेंडू येण्याआधी मान वळवून बघायला, एका स्पर्शात पास द्यायला शिकलेला असतो, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

वाढीच्या ऐन काळात आणखी एक गंमत होते. हातपाय अचानक लांब होतात आणि काल जमणारं आज जमत नाही. चेंडू पायाखालून जातो, वळताना तोल जातो. नेमक्या त्या सहा महिन्यांत निवड आली तर चांगला मुलगाही धांदरट दिसतो.

त्यात जन्ममहिन्याची भर. इंग्लंडमध्ये वयोगट शाळेच्या वर्षाप्रमाणे १ सप्टेंबरपासून मोजतात, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १ जानेवारीपासून. मोजणीच्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुलं गटात थोरली ठरतात आणि अकादम्यांमध्ये त्यांचीच गर्दी असते. हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. हॅरी केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबात आपल्या गटातल्या धाकट्या मुलांपैकी तो एक. आर्सेनलने त्याला आठव्या वर्षी, एकाच हंगामानंतर सोडलं. आठव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळपास नववा भाग. तोच केन मार्च २०२३ मध्ये वेन रूनीला मागे टाकून इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला लहानपणी हायडुक स्प्लिटने किरकोळ अंगकाठीमुळे नाकारलं. युद्धामुळे घर सोडावं लागलेला हा मुलगा झादरच्या हॉटेलात निर्वासितांमध्ये वाढला होता. पुढे दिनामो झाग्रेबने त्याला घेतलं आणि बोस्नियातल्या झ्रिन्यस्की मोस्टारला लोनवर पाठवलं. तिथल्या राकट साखळीत तो अठराव्या वर्षी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ चा बॅलन डी’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याचा. अँटोइन ग्रीझमानला उंचीवरून फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी परत पाठवलं. स्पेनच्या रेआल सोसिएदादने त्याला उचललं आणि तो कोवळ्या वयात घर सोडून परदेशात राहिला. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी त्याने गोल केला. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने पंधराव्या वर्षी याच कारणाने सोडलं. तो स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीत क्वीन्स पार्क या हौशी क्लबकडून खेळला आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलसाठी चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला.

आता काही अकादम्या मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गटांत खेळवून बघतात. इंग्लंडमध्ये असे सामने झाले आहेत. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदाच डोकं वापरावं लागतं आणि उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदाच चेंडू पायाशी ठेवता येतो. प्रत्येक निवडीआधी असे दोन-तीन सामने तरी व्हावेत असं मला मनापासून वाटतं. तेरा वर्षांच्या एका लहानखुऱ्या मुलाला मीही एकदा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून घरी पाठवलं होतं. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

म्हणजे क्लबना पारख नसते, असंच ना?

नाही. अठरा वर्षांच्या गटात वीस मुलं असतात आणि मुख्य संघात जागा एखादीच. उरलेल्या एकोणीस जणांना कुठेतरी जावंच लागतं, आणि त्यातला एखादा पुढे चमकला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. आज, या संघात, या जागी हा खेळाडू बसतो का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर क्लबने दिलेलं असतं. मुलगा मात्र ते ‘मी चांगला आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे: त्या वयात कुणाला ‘सोडणं’ हीच चूक. तेव्हाचा अंदाज वर्तवण्याइतकं ज्ञान कुणाकडेच नाही.

राग आणि जिद्दीचा वाटा किती?

बातम्यांत दाखवतात त्याहून कमी. ‘दाखवून देतो’ ही ऊर्जा पहिले दोन-तीन महिने पुरते: पहाटे उठवते, एक फेरी जास्त धावायला लावते. त्यानंतर रोजची शिस्तच उपयोगी पडते. जुन्या क्लबविरुद्धचा सामना हेच ध्येय ठेवलेली मुलं त्या एका दिवशी जीव तोडून खेळतात आणि पुढच्या शनिवारी दिसेनाशी होतात.

धक्क्याने वागणूक सुधारते, हे मात्र मी मानतो. फ्रांक रिबेरीला लीलच्या अकादमीने किशोरवयात बाहेर काढलं. त्यात अभ्यास आणि वर्तनाच्या तक्रारींचाही भाग होता. तो घरच्या बुलोन्यच्या क्लबात परतला, नंतर खालच्या श्रेणीतल्या क्लबांत फिरला, मध्यंतरी वडिलांबरोबर बांधकामावर राबला. पुढे बायर्नकडून २०१३ ची चॅम्पियन्स लीग जिंकणारा रिबेरी आणि अकादमीतला तो मुलगा यांच्या मध्ये बांधकामावरचे दिवस आहेत.

तिशी ओलांडलेल्या खेळाडूला सोडलं तर? त्या वयात काय सुधारणार?

आंद्रेआ पिर्लो. २०११ मध्ये इटलीतल्या एसी मिलानने बत्तिशीतल्या पिर्लोला जाऊ दिलं. आधीचा हंगाम त्याचा दुखापतींत गेला होता आणि बचावफळीपुढच्या त्याच्या जागेवर आता अंगाने दणकट खेळाडू पसंत केले जात होते. युव्हेंटसने त्याला एक छदामही न मोजता घेतलं आणि अख्खा संघ त्याच्याभोवती बांधला. २०११-१२ च्या साखळीत युव्हेंटस ३८ सामन्यांत एकदाही हरलं नाही. पिर्लो तिथे चार हंगाम खेळला आणि चारही वेळा संघ विजेता ठरला.

पिर्लो या काळात वेगवान झाला नव्हता की ताकदवानही. त्याच्या आजूबाजूला आता धावणारे, चेंडू हिसकावणारे साथीदार होते आणि त्याच्याकडून फक्त त्याला येणारं कामच मागितलं जात होतं. अनुभवी खेळाडूच्या ‘सुधारणे’त बहुतेकदा असंच असतं. खेळाडू तोच असतो, त्याच्याकडे मागितलं जाणारं काम बदलतं.

स्कॉट मॅकटॉमिने हा विकला गेलेला, सोडलेला नव्हे, पण इथे त्याचं नाव घ्यायलाच हवं. लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडमध्ये वाढलेला हा मधल्या फळीतला खेळाडू ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला गेला. आंतोनियो कोन्ते यांनी त्याला पुढे, गोलक्षेत्रात घुसायची मोकळीक दिली. पहिल्याच हंगामात साखळीत १२ गोल, संघाला विजेतेपद आणि सेरी आ या इटलीच्या पहिल्या श्रेणीचा सर्वोत्तम खेळाडू हा मान.

दुखापत किंवा आजारामुळे करार गेला तर?

बऱ्या झालेल्या दुखापतीवरून दिलेला निर्णय सर्वांत लवकर शिळा होतो. लेवांडोव्स्की त्याचंच उदाहरण. आजाराची गोष्ट वेगळी. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये सामना चालू असताना डेन्मार्कच्या ख्रिश्चियन एरिक्सनचं हृदय थांबलं. छातीत बसवलेल्या उपकरणासह इटलीत खेळण्याची परवानगी नसल्याने इंटर मिलानशी असलेला त्याचा करार त्या डिसेंबरात संपवण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला घेतलं, उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने. क्लबचा दोष नाही, खेळाडूचाही नाही. एका देशाचा नियम आडवा आला, दुसऱ्या देशाचा आला नाही. हृदयाच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा. तिथे जिद्दीने वागू नये.

गोलरक्षकांचं गणित वेगळं असतं का?

हो. ते उशिरा पिकतात आणि संघात त्यांची जागा एकच असते. निक पोपला इप्सविचने सोळाव्या वर्षी सोडलं. तो बरी टाउनसारख्या छोट्या क्लबकडून खेळला, पोटासाठी दूधवाटपाचं कामही केलं. २०१८ च्या विश्वचषकासाठी तो इंग्लंडच्या चमूत होता. सोळा वर्षांच्या गोलरक्षकाला सोडलं असेल तर मी घाईने काहीच ठरवू नका असं सांगेन.

मुलींच्या फुटबॉलमध्येही असंच दिसतं का?

दिसतं, पण मुळात अडथळे वेगळे. लूसी ब्राँझला बारा वर्षांच्या आसपास मुलांबरोबरचा संघ सोडावा लागला, कारण त्या वयानंतर मुलामुलींनी एकत्र खेळायला इंग्लंडमध्ये तेव्हा परवानगी नव्हती. खेळात काही कमी नव्हतं. पुढे ल्योंकडून तीन आणि बार्सेलोनाकडून दोन चॅम्पियन्स लीग ती जिंकली. गोलरक्षक मेरी अर्प्स इंग्लंडच्या संघातून अशी बाजूला पडली की तिने खेळ सोडण्याचा विचार केला होता. २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षक सारिना विग्मन यांनी तिला परत बोलावलं आणि २०२२ व २०२३ अशी दोन्ही वर्षं ती फिफाची सर्वोत्तम महिला गोलरक्षक ठरली. प्रशिक्षक बदलला की जुना निकाल रद्द होऊ शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सोडलेला खेळाडू पुढे महागात विकला गेला, तर जुन्या क्लबला काही मिळतं का?

मिळतं, आणि छोट्या क्लबांनी हे नीट समजून घ्यावं. फिफाच्या नियमांप्रमाणे करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वर्षांसाठी दरवर्षी ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी दरवर्षी ०.५ टक्के. समजा एक खेळाडू १ कोटी युरोला गेला आणि बाराव्या ते चौदाव्या वर्षी तो तुमच्याकडे होता. तुमचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे ७५ हजार युरो. तुम्ही त्याला सोडलं होतं म्हणून हा हक्क जात नाही. मात्र नोंदणीची कागदपत्रं जपलेली हवीत.

प्रशिक्षणाचा मोबदला, म्हणजे खेळाडूला घडवल्याबद्दल नव्या क्लबने जुन्याला द्यायची रक्कम, ही निराळी बाब. खेळाडूला २३ पूर्ण होण्याच्या वर्षापर्यंतच तो लागू होतो, आणि युरोपीय संघात जुन्या क्लबने त्याला करारच देऊ केला नसेल तर सहसा मिळत नाही. ते रास्तच आहे. ज्याला ठेवायचं नव्हतं त्याच्यावर किंमत लावून त्याची वाट अडवणं म्हणजे बॉस्मनच्या आधीचे दिवस परत आणणं.

जुन्या क्लबकडे परत जावं का?

भावनेसाठी जाऊ नये, जागेसाठी जावं. रिकी लॅम्बर्टला लिव्हरपूलने पंधराव्या वर्षी सोडलं. नंतर ब्लॅकपूलनेही सोडलं, तेव्हा तो बीटरूटच्या कारखान्यात कामाला लागला. खालच्या श्रेणींतून वर येत तो साउदॅम्प्टनबरोबर तिसऱ्या श्रेणीतून प्रीमियर लीगपर्यंत चढला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून पदार्पणात पहिल्याच स्पर्शाला स्कॉटलंडविरुद्ध गोल केला. २०१४ मध्ये तो आपल्या बालपणीच्या लिव्हरपूलला परतला. एक हंगाम, मोजके गोल, बहुतेक वेळ बाकावर. त्याच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही, पण त्याचा खेळ तिथे पुढे गेला नाही.

नेमान्या मॅटिचचं उलट. चेल्सीने २०११ मध्ये डेव्हिड लुईझच्या सौद्यात त्याला बेन्फिकाला देऊन टाकलं आणि जानेवारी २०१४ मध्ये २.१ कोटी पौंड मोजून परत आणलं. तो थेट मुख्य संघात खेळायला लागला, कारण या वेळी जागा रिकामी होती. एबेरेची एझेला आर्सेनलने तेराव्या वर्षी सोडलं होतं. मग फुलहॅम, रेडिंग आणि मिलवॉल यांच्याकडूनही तो बाहेर पडला. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या एकमेव गोलने क्रिस्टल पॅलेस जिंकलं आणि त्याच ऑगस्टमध्ये आर्सेनलने त्याला परत घेतलं.

दुसरा मोठा क्लब शोधावा की खाली उतरावं?

जिथे खेळायला मिळेल तिथे. चेल्सीने चौदाव्या वर्षी सोडलेला डेक्लन राईस लगेच वेस्ट हॅमच्या अकादमीत गेला आणि ते जमलं. २०२३ मध्ये वेस्ट हॅमचा कर्णधार म्हणून त्याने कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेचा चषक उचलला. पण सतराच्या पुढे असाल तर नुसत्या क्लबच्या नावावर जाऊ नका. प्रशिक्षकाला सरळ विचारा: माझ्या जागेवर तुमच्याकडे किती जण आहेत, आणि मी दुसऱ्या संघातच अडकणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर खालच्या श्रेणीतला क्लब बरा.

पालकांनी मुलाशी काय बोलावं?

पहिल्या दिवशी फार बोलू नका. क्लबला शिव्या घालू नका, ‘त्यांना कळतच नाही’ असं म्हणू नका. मूल ते ऐकून स्वतःकडे बघायचं थांबवतं. वार्डीची गोष्ट तर पहिल्या आठवड्यात मुळीच सांगू नका. त्याला वार्डी व्हायचं नसतं, त्याला उद्या शाळेत मित्रांना काय सांगायचं हे कळत नसतं. जेवण, झोप, मित्र यांकडे लक्ष ठेवा. महिनाभरानंतरही मूल गप्प असेल, कशातच रस घेत नसेल, तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका. अकादमीत वाढलेल्या मुलाची ओळखच फुटबॉल असते, आणि ती एका बैठकीत पुसली जाते.

क्लबांचीही इथे जबाबदारी आहे. क्रिस्टल पॅलेसने २०२२ मध्ये अकादमीतून सोडलेल्या मुलांची तीन वर्षं विचारपूस आणि मदत करण्याची योजना सुरू केली. तीन वर्षं हा काळ मला योग्य वाटतो.

निरोप मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करावं?

कारणं लेखी मागा, आणि ‘उंची’ किंवा ‘वेग’ एवढ्यावर थांबू देऊ नका. कोणत्या प्रसंगात काय कमी पडलं ते विचारा. सामन्यांचे व्हिडिओ, वैद्यकीय नोंदी आणि उंची-वजनाची मोजमापं घ्या. ती नव्या प्रशिक्षकाला उपयोगी पडतात आणि क्लबकडून नंतर मिळवणं जिकिरीचं होतं. नोंदणी मोकळी झाल्याचा कागद हातात असू द्या. मोफत ट्रायल करून देतो म्हणत आधी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. इंग्लंडसारख्या देशांत सोडलेल्या मुलांसाठी सामायिक ट्रायल होतात, तशा कुठे असतील तर तारखा टिपून ठेवा.

आणि येत्या रविवारी कुठेतरी खेळा. मित्रांबरोबर, मोकळ्या मैदानावर, कुणीही वही घेऊन उभं नसताना.